मोरचूद, चुना आणि राळ

गेल्या सप्टेंबरात आमच्या परसातले टोमॅटो चार दिवसांत काळे पडले. व्हँकुव्हरचा पाऊस जरा लवकर सुरू झाला, एवढंच निमित्त. शेजारचे इटालियन आजोबा कुंपणावरून डोकावले आणि म्हणाले, "ब्लाइट! पावसात उघडे ठेवलेस ना?" मी ते तपकिरी डाग बघत होतो, पण मन केव्हाच श्रीवर्धनला पोचलं होतं.

श्रीवर्धन माझं आजोळ. पोफळीची वाडी आणि रोठा सुपारी हेच घरचं नगदी पीक. आषाढात झड लागली की आजोबा पहाटे कंदील घेऊन वाडीत जात आणि झाडांकडे न बघता जमिनीकडे बघत. हिरवी कोवळी सुपारी खाली पडलेली, देठापाशी पाण्यात भिजल्यासारखा डाग, दोन दिवसांनी त्यावर पांढरी बुरशी. "लागली गळ," एवढंच म्हणत. १९७१ साली ती इतकी लागली की धाकट्या मावशीचं लग्न वर्षभर पुढे गेलं. सुपारीवाचून लग्न अडलं, असा विनोद घरात चालायचा. मावशी मात्र हसत नसे.

या रोगाचं नाव कोळेरोग. शब्द कानडी, अर्थ कुजण्याचा रोग. म्हैसूर संस्थानातला मलनाड, तेव्हा मुंबई इलाख्यात असलेला उत्तर कानडा, आपलं कोकण. जिथे पोफळी आणि धो धो पाऊस, तिथे हा आलाच. जुना उपाय म्हणजे पावसाआधी प्रत्येक झाडावर चढून घडांना गवताची टोपडी बांधायची!

आता गंमत ऐका. या रोगाचं मूळ शोधणारा माणूस होता कॅनडाचा. लेस्ली कोलमन, जन्म १८७८, ऑन्टारियोतला. १९०८ साली तो म्हैसूर सरकारच्या नोकरीत रुजू झाला आणि १९१० साली त्याने कोळेरोगावर पुस्तिका काढली. हे काम फायटॉफ्थोराचं, हे त्याने दाखवून दिलं. याच घराण्यातल्या भावंडाने १८४५ पासून आयर्लंडचे बटाटे कुजवले आणि सुमारे दहा लाख माणसं दगावली. माझे टोमॅटो खाल्ले तेही त्याच भावंडाने. (शास्त्रज्ञ आता म्हणतात, ही खरी बुरशीच नव्हे, शेवाळाच्या जवळची. तिचे बीजाणू पाण्यात पोहतात, म्हणून तर पाऊस तिला एवढा प्रिय!)

औषध फ्रान्समधलं होतं. बोर्डोजवळ रस्त्याकडेच्या द्राक्षवेलींवर चोरांना भिववायला मोरचूद-चुन्याचं निळं पाणी मारत. त्याच वेली रोगातून वाचतात, हे मिलार्देच्या लक्षात आलं आणि १८८५ साली त्याने ते जाहीर केलं. तेच बोर्डो मिश्रण. पण फ्रान्सचा पाऊस कुठे आणि सह्याद्रीचा कुठे! औषध धुऊन जाऊ नये म्हणून कोलमनने त्यात राळ आणि सोडा घालून ते चिकट केलं. मला विचाराल तर त्याचं खरं मोठेपण इथे आहे. आयता उपाय आणला नाही, आपल्या पावसाला पुरेल असा केला. पुढे १९१३ साली तो तिथला शेतकी संचालक झाला आणि १९३४ पर्यंत त्या नोकरीत राहिला.

हे सगळं मी मावशीला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, "अरे, औषध होतं की आपल्याकडे. मोरचूद आणून ठेवला होता पडवीत. पण पहिली फवारणी पावसाआधी व्हायला हवी. त्या वर्षी पाडेली तापाने पडला, दुसरा मिळेना, आणि पाऊस आला आठ दिवस आधी. दादा स्वतः चढायला निघाले होते. पासष्टीचे! आईने शिडीच लपवून ठेवली."

हे मला कधीच कोणी सांगितलं नव्हतं. "मग?" मी विचारलं.

"मग काय, लग्न पुढच्या माघात झालं. तू तुझ्या टोमॅटोंवर काहीतरी झाकण घाल."