बेगमी : वऱ्हाडी घराची जुनी सज्जता

'आपत्कालीन सज्जता' हा शब्द शासकीय परिपत्रकांनी रूढ केला. मराठीत त्यासाठी 'बेगमी' हा शब्द फार पूर्वीपासून आहे. पावसाळ्याचे चार महिने, बंद पडलेल्या वाटा आणि हुकलेला हंगाम गृहीत धरून घरात शिधा राखून ठेवणे, हा तिचा गाभा. अमरावती जिल्ह्यातील भातकुली परिसरात मात्र धान्याइतकीच पाण्याची बेगमी महत्त्वाची ठरते.

पाण्याची बेगमी
पूर्णा नदीच्या खोऱ्यातील खारपाणपट्टा अमरावती, अकोला व बुलडाणा या तीन जिल्ह्यांत पसरला असून भातकुली तालुक्याचा मोठा भाग त्यात येतो. येथील भूजल खारट असते आणि उकळल्याने त्यातील क्षार जात नाहीत. नळयोजना खंडित झाल्यास विहीर किंवा कूपनलिका हा भरवशाचा पर्याय ठरत नाही. म्हणून पिण्यासाठी व स्वयंपाकासाठी माणशी दररोज किमान चार-पाच लिटर, याप्रमाणे निदान तीन दिवसांचे गोडे पाणी झाकणाच्या स्वच्छ भांड्यांत असावे व ते नियमित बदलावे. छतावरील पावसाचे पाणी गाळून साठविणे येथे विशेष उपयुक्त आहे. ते पिण्यापूर्वी निर्जंतुक करावे.

धान्य किती व कसे?
प्रौढ माणसास दिवसाला साधारण ३५० ग्रॅम धान्य व ८० ग्रॅम डाळ धरल्यास चौघांच्या कुटुंबाला महिन्याकाठी सुमारे ४२ किलो धान्य व १० किलो डाळ लागते. तूर, हरभरा व गहू हाती आल्यानंतर येणारे वऱ्हाडातील कोरडे ऊन वाळवणास उत्तम. दाणा दाताखाली कट्कन तुटला, म्हणजे तो वाळला असे समजावे. ऊन लागलेले धान्य निवल्याशिवाय कोठीत भरू नये. आत वाफ धरते व बुरशी येते. कोठी भिंतीपासून दूर, लाकडी फळीवर ठेवावी.

कडधान्यातील भुंगा बहुधा शेतातूनच येतो व अख्ख्या दाण्यावर अंडी घालतो. तूर भरडून डाळ करून ठेवण्याच्या प्रथेमागे हेही कारण आहे. डाळीला एरंडेलाचा हात लावणे आणि सावलीत वाळवलेला कडुनिंबाचा पाला घालणे, हे सुरक्षित उपाय. धान्यात टाकण्याच्या अ‍ॅल्युमिनियम फॉस्फाईडच्या गोळ्या मात्र घरात कदापि आणू नयेत. ओलाव्याशी संयोग होताच त्यांतून फॉस्फीन हा विषारी वायू सुटतो. त्यावर उतारा नाही आणि बंद खोलीत झोपलेले अख्खे कुटुंब दगावू शकते.

सर्वांचा हातभार
कुरड्या, शेवया, सरगुंडे, मुगवड्या, खारोड्या ही उन्हाळी कामे एकट्या गृहिणीवर सोपविल्यास ओझे होतात. वाटून घेतल्यास त्यांचा कौटुंबिक छंद होतो. मुलांनी डब्यांवर महिना व वर्ष लिहावे, आजीने वाळवण पारखावे, पुरुषांनी कोठ्या धुऊन उन्हात तापवाव्यात. 'आधी जुने, मग नवे' हा नियम पाळला की साठा वाया जात नाही. चूल पेटणे अशक्य झाल्यास उपयोगी पडावेत म्हणून फुटाणे, शेंगदाणे, गूळ व मुरमुरे वेगळ्या डब्यात ठेवावेत. त्यासोबत विजेरी, काडेपेटी, नित्याची औषधे आणि शिधापत्रिकेची प्रत असावी.

१९७२ च्या दुष्काळात सुकडी व आयात मिलोवर दिवस काढलेली पिढी ही शिस्त जाणून होती. मार्च २०२० मधील टाळेबंदीने व अमरावतीत फेब्रुवारी २०२१ मध्ये पुन्हा लागू झालेल्या टाळेबंदीने शहरी कुटुंबांनाही तिचे मोल पटले. मात्र संकटाची चाहूल लागल्यावर बाजारात धाव घेणे, ही साठेबाजी होय; त्याने भाव चढतात आणि हातावर पोट असणाऱ्यांची उपासमार होते. हंगामात, गरजेपुरती आणि मृग नक्षत्रापूर्वी पूर्ण झालेली बेगमी कोणाच्याही ताटातला घास हिरावून घेत नाही.