कुऱ्हाडीची निशाणी

कारागिराचा इतिहास लिहू पाहणाऱ्यासमोर पहिला प्रश्न येतो तो साधनांचा. सरदार पत्रे लिहितो, पाद्री नोंदी ठेवतो. सुतार लाकूड तासतो, आणि लाकूड कुजते किंवा जळते. ज्याचे काम उरले नाही आणि ज्याला लिहिता येत नव्हते, अशा पूर्वजापर्यंत आपण पोहोचायचे कसे? क्वेबेकमधील असंख्य फ्रेंच-कॅनडियन कुटुंबांचा मूळपुरुष झाकारी क्लुतिए याच्या निमित्ताने हा प्रश्न तपासता येतो.

आडनावापासून सुरुवात केली तर आपण लगेच फसतो. 'क्लुतिए' म्हणजे खिळे घडवणारा. हा मात्र सुतार होता. 'सुतार' हा शब्दही येथे पुरेसा नाही. घराचा सांगाडा उभारणारा आणि दारे-खिडक्या, पेट्या करणारा यांना फ्रेंचमध्ये दोन वेगळी नावे आहेत: 'शार्पांतिए' आणि 'मनुइझिए'. क्लुतिए पहिल्या वर्गातला. आपल्या भाषेत दोघेही सुतारच, त्यामुळे भाषांतरात हा भेद पुसला जातो.

त्याचा जन्म १५९० च्या सुमारास, फ्रान्समधील पेर्श प्रांतातल्या मोर्तान्य या गावचा. १४ मार्च १६३४ रोजी तो आणि जाँ गियों हा गवंडी यांनी रॉबेर जिफार याच्याशी करार केला. क्वेबेकजवळच्या बोपोर येथे जिफारला जहागीर मिळाली होती. तेथे काम करण्याच्या मोबदल्यात या दोघांना जमिनीचे आश्वासन होते. त्याच वर्षी ते समुद्र ओलांडून गेले.

गियोंला लिहिता येत असे. बोपोरला नोटरी नसल्यामुळे १६३६ मध्ये क्लुतिएची मुलगी आन हिचा रॉबेर द्रुएँशी झालेला विवाहकरार त्यानेच लिहिला. कॅनडात जतन झालेल्या सर्वांत जुन्या विवाहकरारांत त्याची गणना होते. क्लुतिए स्वतः निरक्षर होता. सहीच्या जागी तो कुऱ्हाडीचे चित्र काढीत असे.

मराठी वाचकाला हे अपरिचित वाटू नये. आपल्या जुन्या कागदपत्रांत कुणबी पाटील 'निशाणी नांगर' करीत असे. अशा निशाण्यांकडे आपण सहीचा अभाव म्हणून पाहतो. वस्तुतः त्या वेगळ्या प्रकारच्या सह्याच आहेत. कुऱ्हाड हे ओंडका तासून तुळई करणाऱ्याचे हत्यार. दप्तरातील बाकी सारा मजकूर दुसऱ्यांच्या हातचा आहे. ही एक आकृती तेवढी त्याच्या हातची, आणि तिने तो आपला व्यवसायच सांगतो.

हा माणूस केवळ आज्ञाधारक मजूर नव्हता, हेही कागदांवरून दिसते. जमीनदार म्हणून जिफारला रीतसर मानवंदना देण्यास क्लुतिए आणि गियों यांनी नकार दिला. १६४६ मध्ये गव्हर्नर मोंमान्यी याने निर्णय जिफारच्या बाजूने दिला. सुताराचा आवाज दप्तरात उमटतो तो बहुधा असा, तंट्याच्या निमित्ताने. क्लुतिए १६७७ मध्ये शातो-रिशे येथे वारला.

त्याच्यापासून पुढच्या पिढ्या जोडण्याचे मुख्य साधन म्हणजे चर्चमधील जन्म, विवाह आणि दफनाच्या नोंदी. १६४० च्या आगीत क्वेबेकचे नोंदवहीचे कागद जळाले आणि ते आठवणीवरून पुन्हा लिहावे लागले. तरीही ही साखळी विलक्षण अखंड आहे. विवाहित स्त्रियांची नोंद माहेरच्या नावाने होत असल्यामुळे मुलींकडून चालत आलेला वंशही शोधता येतो. याच नोंदींच्या आधारे सिप्रियाँ तांगे या धर्मगुरूने १८७१ ते १८९० या काळात वंशावळींचा सात खंडांचा कोश सिद्ध केला. पुढे १९६६ मध्ये माँट्रियल विद्यापीठात लोकसंख्येच्या इतिहासाचा प्रकल्प सुरू झाला. त्याच्या गणनेनुसार १८०० पर्यंत क्लुतिएचे १०,८५० वंशज झाले होते. इतके दुसऱ्या कोणाही वसाहतकाराचे नव्हते.

आज जो तो या आकड्यात आपले नाव शोधतो, आणि ते स्वाभाविकच आहे. परंतु वंशावळ पूर्वज सांगते, कारागीर सांगत नाही. दहा हजार नावांच्या त्या यादीत तुळया घडवणारा हात कोठेच दिसत नाही. तो पाहायचा असेल तर आपल्याला करारांच्या तळाशी, जेथे वाचन सहसा संपते, तेथे थांबावे लागेल.