अर्ध्या अँपिअरची कुळकथा

घाटकोपर असो वा बोरिवली, लग्नाचं शूटिंग करणाऱ्यांच्या तोंडी एक तक्रार नेहमीची: पोर्टेबल हार्ड डिस्क लावली, दिवा लागला, आतून टिक-टिक आवाज आला, पण कॉम्प्युटरवर काहीच दिसेना. ‘डिस्क गेली’ असं म्हणून ती बाजूला पडते. पुष्कळदा ती धडधाकट असते, तिला फक्त वीज पुरत नसते. या दुखण्याचं मूळ तिच्या कुळात आहे.

आयबीएमने 1956 मध्ये आणलेल्या पहिल्या हार्ड डिस्कमध्ये 24 इंच व्यासाच्या 50 तबकड्या होत्या आणि साठवण जेमतेम 5 एमबी. पुढे डिस्क आक्रसत गेली आणि या कुळाचा एक धागा अंधेरीत आला. इलेक्ट्रॉनिक्सच्या निर्यातीसाठी 1973 मध्ये तिथे सीप्झ हे खास औद्योगिक क्षेत्र उभं राहिलं. आयबीएमच्या 1981 च्या पीसीला फ्लॉपी ड्राइव्ह पुरवणाऱ्या जुगी टंडन यांच्या उद्योगाने पुढे सीप्झमध्येही काम उभारलं. त्यांच्या कंपनीचा हार्ड डिस्कचा व्यवसाय 1988 मध्ये वेस्टर्न डिजिटलने घेतला.

त्याच वर्षी प्रेअरीटेक या अमेरिकी कंपनीने लॅपटॉपसाठी अडीच इंची डिस्क आणली. टेबलावरच्या साडेतीन इंची डिस्कच्या मोटरला 12 व्होल्ट लागतात. अडीच इंचीचं 5 व्होल्टवर भागतं. म्हणून तिला वेगळा अडॅप्टर लागत नाही आणि ती बॅगेत मावते.

यूएसबी आलं 1996 मध्ये. ते घडवणाऱ्या इंटेलच्या चमूत बडोद्याचे अजय भट्ट होते. त्यातही वीज 5 व्होल्टचीच, पण एका पोर्टमागे जास्तीत जास्त 500 मिलिअँपिअर, म्हणजे अर्धा अँपिअर. माउस-कीबोर्डला हे भरपूर होतं. थांबलेल्या तबकडीला वेग देताना मात्र डिस्क क्षणभर एक अँपिअरच्या आसपास ओढते. तेवढी वीज मिळाली नाही की मोटर पुरता वेग घेत नाही, तबकडी वाचणारं हेड माघारी जातं, पुन्हा प्रयत्न करतं. ती टिक-टिक अनेकदा याचीच असते.

त्यावर तोडगा निघाला वाय केबलचा. तिच्या एका प्लगमधून डेटा आणि वीज, तर दुसऱ्यातून नुसती वीज. यूएसबीच्या नियमांत ती बसत नव्हती, तरी तिने असंख्य डिस्क चालवल्या. 2008 च्या यूएसबी 3.0 ने मर्यादा 900 मिलिअँपिअरवर नेली आणि वाय केबलची गरज ओसरली. मात्र यूएसबी 3.0 च्या पोर्टेबल डिस्कवरचं चपटं, दोन भागांचं सॉकेट नाजूक असतं. केबल तिरकी ओढली गेली की ते सैल होतं आणि कॉपी चालू असतानाच डिस्क गायब होते.

म्हणून आधी केबल बदलून पाहा, शक्यतो आखूड. डेस्कटॉप असेल तर कॅबिनेटच्या मागच्या पोर्टला लावा. पुढचे पोर्ट आतल्या लांब वायरीने मदरबोर्डला जोडलेले असतात, त्या वायरीत व्होल्टेज घटतं. हब वापरायचाच तर स्वतःचा अडॅप्टर असलेला घ्या. आवाज नीट येतोय, पण ड्राइव्ह दिसत नाही, तर विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमध्ये पाहा; कधी नुसतं ड्राइव्हचं अक्षर द्यायचं राहिलेलं असतं. ‘फॉरमॅट करायचं का?’ असं विचारलं तर ‘हो’ म्हणू नका. एवढं करूनही टिक-टिक थांबत नसेल, तर पुन्हा पुन्हा लावून पाहू नका, उघडू तर मुळीच नका. थेट डेटा रिकव्हरीवाल्याकडे न्या. आणि डिस्क ठणठणीत असेल, तर आजच दुसऱ्या डिस्कवर एक प्रत करून ठेवा.