नोहाचा पाऊस की योसेफाचा?

धरण केवढं बांधायचं? मी हवामानाच्या आकडेवारीचं जे मल्टिफ्रॅक्टल विश्लेषण करतो, त्याचा एक धागा थेट या प्रश्नापर्यंत जातो.

हॅरल्ड हर्स्ट हा इंग्रज शास्त्रज्ञ 1906 मध्ये इजिप्तला गेला आणि नाईलच्या अभ्यासात रमला. सुकाळातलं पाणी दुष्काळासाठी राखायचं, तर जलाशय किती मोठा हवा? प्रत्येक वर्ष नाणेफेकीसारखं स्वतंत्र मानलं, तर काळ चौपट केल्यावर लागणारा साठा दुप्पट होतो. म्हणजे घातांक 0.5. हर्स्टने नाईलच्या नोंदी तपासल्या. रोडा बेटावरच्या तर इ.स. 622 पासून मिळतात. शिवाय पाऊस, तापमान, झाडांच्या खोडातली वर्तुळं. त्याच्या 1951 च्या निबंधात घातांक सरासरी 0.73 च्या आसपास निघाला. काळ चौपट, तर साठा जवळपास पावणेतीन पट! वाईट वर्षं एकेकटी येत नाहीत, घोळक्याने येतात. नाणेफेकीच्या हिशेबाने बांधलेलं धरण नेमकं अशा वेळी आटणार.

1968 मध्ये मँडेलब्रॉट आणि वॉलिस यांनी बायबलमधून दोन नावं घेतली. अचानक येणारा महापूर तो ‘नोहा परिणाम’. सात वर्षं सुबत्ता, मग सात वर्षं दुष्काळ, हा ‘योसेफ परिणाम’.

पण हर्स्टचा आकडा एकच. त्यात रिमझिम आणि ढगफुटी एकाच मापाने मोजली जातात. म्हणून आम्ही कान्टेलहार्ट आणि सहकाऱ्यांची 2002 ची पद्धत वापरतो. आधी ऋतुचक्र वजा करायचं, नाहीतर ‘जुलैत पाऊस पडतो’ हाच मोठा शोध लागतो! मग सरासरीपासूनच्या फरकांची चढती बेरीज करून तिचे तुकडे पाडायचे, प्रत्येकातला कल काढायचा आणि उरलेले चढउतार तुकड्याच्या लांबीबरोबर कसे वाढतात ते पाहायचं. मोठ्या आणि लहान चढउतारांना आळीपाळीने जास्त वजन द्यायचं. दर वेळी घातांक बदलला, तर मालिका मल्टिफ्रॅक्टल.

शेवटी तीच मालिका पत्त्यांसारखी पिसायची. आकडे तेच, क्रम गेला. मल्टिफ्रॅक्टलपणाही गेला, तर तो क्रमातून, म्हणजे योसेफाकडून आलेला. पिसूनही टिकला, तर टोकाच्या आकड्यांतून, म्हणजे नोहाकडून. बऱ्याचदा दोघांचाही वाटा असतो.

हा फरक कागदापुरता नाही. योसेफासाठी साठा वाढवावा लागतो, नोहासाठी सांडवा. एखाद्या प्रदेशाची फक्त सरासरी हातात असेल, तर यातलं काय बांधायचं ते कळतच नाही.