नाव ठेवणे आणि नावे ठेवणे

गेल्या महिन्यात वस्तीत एका बाळाच्या नामकरण विधीला गेलो होतो. विधी सुरू व्हायच्या आधी बाळाच्या बापाने मला बाजूला घेतले. "दादा, नाव असं सुचवा की ऐकून काही कळायला नको. आडनावपण गॅझेट करून बदलावं म्हणतोय. पोराला पुढं खोली शोधताना त्रास नको."

मला त्याचा राग आला नाही. एमएला असताना मीही खोली शोधत फिरलो आहे. भाडे ठरले, चावी हातात यायची बाकी होती आणि मालकाने विचारले, "पूर्ण नाव?" संध्याकाळी फोन आला की खोली आधीच दुसऱ्याला दिली आहे. त्यामुळे "नावात काय आहे" हे वाक्य मला सुखवस्तू माणसाची करमणूक वाटते.

नावात काय आहे हे मनुस्मृतीला नीट माहीत होते. दुसऱ्या अध्यायात तिने नियमच घालून दिला आहे. ब्राह्मणाचे नाव मंगलवाचक असावे, क्षत्रियाचे बलवाचक, वैश्याचे धनवाचक आणि शूद्राचे जुगुप्सित, म्हणजे ऐकताच किळस यावी असे. पुढच्याच श्लोकात शूद्राच्या नावाला सेवकपणा दाखवणारे पद जोडायला सांगितले आहे. मूल पाळण्यात असतानाच त्याची पायरी ठरवून टाकायची! २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला जो ग्रंथ जाळला, त्यात हेही होते.

आता इथे आपल्या भाषणांत नेहमी एक घाई होते. दगडू, धोंडू, कचरू, उकिर्डा ही सगळी नावे मनूने दिली असे आपण सांगून टाकतो. तसे नाही. मुले जगत नसली की मुद्दाम ओंगळ नाव ठेवायचे, म्हणजे दृष्ट लागत नाही, ही समजूत सर्व जातींत होती. महर्षी कर्वे यांचे नाव धोंडो केशव होते. पण फरक पाहा. तिकडचा धोंडो मोठेपणी धोंडोपंत होई, आणि आपला धोंडिबा पांढऱ्या केसांचा झाला तरी गावच्या पोरासोरांना 'धोंड्या'च राही. अपमान नावाइतकाच हाक मारणाऱ्याच्या तोंडात होता. (मुलींचे तर विचारूच नका. २०११ साली सातारा जिल्ह्यात 'नकुसा' नावाच्या अडीचशेहून अधिक मुलींची नावे कार्यक्रम घेऊन बदलावी लागली.)

उलट बाजूचा दाखला कोरेगावच्या विजयस्तंभावर आहे. तिथली महार सैनिकांची नावे शेवटच्या 'नाक' या पदावरून ओळखू येतात. गावात जे पद जात सांगत होते, तेच दगडावर शौर्य सांगते.

मग नुसते चांगले नाव ठेवले की सुटलो का? या प्रश्नावर आपल्या घरातच एक जुनी गोष्ट आहे. जातककथांमध्ये नामसिद्धी जातक आहे. तक्षशिलेच्या एका आचार्यांच्या शिष्याचे नाव पापक. त्याला नावाची लाज वाटते. आचार्य म्हणतात, जा, देशभर फिर आणि आवडेल ते नाव घेऊन ये. तो निघतो. वाटेत एक प्रेत दिसते, मेलेल्याचे नाव जीवक. पुढे एका दासीला मालक मारत असतात, कारण तिने मजुरी आणून दिलेली नाही. तिचे नाव धनपाली. मग एक वाट चुकलेला माणूस भेटतो, त्याचे नाव पंथक. पापक परत येतो आणि म्हणतो, आहे तेच नाव बरे.

ही गोष्ट सांगून काही जण आम्हाला गप्प करतात: बघा, तुमचा बौद्ध धर्मही म्हणतो की नावाला अर्थ नाही. मी त्यांना धनपालीकडे बोट दाखवतो. नाव सोन्यासारखे, पाठीवर मार. ते नाव राहत होते मालकाच्या घरात. अमेरिकेतले गोरे मळेवालेही गुलामांना सीझर, पाँपी अशी रोमन सरदारांची नावे देत. त्यातून कुणी सरदार झाला नाही, मालकाची थट्टा तेवढी झाली.

बाबासाहेबांनी नेमके हेच मांडले आहे. 'अवे फ्रॉम द हिंदूज' या लेखात ते नावाच्या प्रश्नाला थेट भिडतात. कुणी स्वतःला चोखामेळा म्हणवले, तरी समोरचा खोदून खोदून विचारत जातो आणि महारापाशी येऊनच थांबतो. हिंदू समाजाच्या चौकटीत कोणतेही नवे नाव घ्या, ते काही दिवसांत जुन्याच अर्थाने मळते. नाव क्रांती करू शकते, पण ते चौकटीबाहेरच्या समाजाचे असले पाहिजे, असा त्यांचा निष्कर्ष आहे. १९४६ साली त्यांनी मुंबईत कॉलेज काढले त्याचे नाव सिद्धार्थ, औरंगाबादच्या कॉलेजचे मिलिंद. धर्मांतरानंतर घराघरांत सिद्धार्थ, मिलिंद, सुजाता, संघमित्रा, प्रज्ञा आल्या. दगडूच्या नातवंडांनी एका पिढीत अडीच हजार वर्षांचा इतिहास अंगावर घेतला.

आणि हे नाव समोरच्याकडून म्हणवून घ्यावे लागते. कॅशियस क्लेने १९६४ साली गुलामीचे नाव म्हणून जुने नाव टाकले आणि मुहम्मद अली झाला. १९६७ साली एर्नी टेरेल त्याला मुद्दाम क्ले म्हणत राहिला, तेव्हा अली रिंगणात त्याला ठोसे मारता मारता विचारत होता, माझे नाव काय? आपण हाच प्रश्न मराठवाड्यात विचारला. १९७८ साली विधिमंडळात ठराव झाला आणि घरे जळाली, पोचीराम कांबळे मारले गेले. १४ जानेवारी १९९४ पर्यंत, विद्यापीठाच्या पाटीवर ते नाव लागेपर्यंत, सोळा वर्षे गेली.

हे सगळे त्या बापाला पाळण्याशेजारी उभे राहून सांगता येत नव्हते. त्याला धनपालीची गोष्ट तेवढी सांगितली. आडनावाचे काय करायचे ते तुझे तू ठरव, म्हणालो, कारण खोली मलाही मिळाली नव्हती. तो बायकोकडे गेला, दोघे थोडा वेळ बोलले. मग बाळाच्या आजीने पाळण्याची दोरी हातात घेतली आणि नाव घेतले, मिलिंद.