मस्ट चाळणी

रुग्णालयात दाखल झालेल्या प्रौढ रुग्णाला कुपोषणाचा धोका आहे का, हे झटपट ओळखण्याची पद्धत. ब्रिटनमधील ‘बापेन’ या पोषणविषयक संस्थेने ती २००३ मध्ये प्रसिद्ध केली. परिचारिकेलाही ती रुग्णाच्या खाटेपाशी वापरता येते.

तीन बाबींना गुण देतात. (१) उंची व वजनावरून काढलेला बीएमआय : २० पेक्षा जास्त असल्यास ०, १८.५ ते २० असल्यास १, त्याहून कमी असल्यास २. (२) गेल्या तीन ते सहा महिन्यांत आपोआप घटलेले वजन : ५ टक्क्यांहून कमी ०, ५ ते १० टक्के १, त्याहून अधिक २. (३) तीव्र आजारामुळे पाच दिवसांहून अधिक काळ पोटात अन्न गेले नसेल किंवा जाण्याची शक्यता नसेल, तर २.

बेरीज ० म्हणजे कमी, १ म्हणजे मध्यम आणि २ किंवा अधिक म्हणजे जास्त धोका. मध्यम धोक्यात तीन दिवसांच्या आहाराची नोंद ठेवतात. जास्त धोक्यात आहारतज्ज्ञाकडे पाठवतात. रुग्णालयात चाळणी दर आठवड्याला पुन्हा करतात.

उभे राहू न शकणाऱ्या रुग्णाची उंची कोपर ते मनगट या लांबीवरून अंदाजता येते. अंगावर सूज वा जलोदर असल्यास वजन फसवे ठरते. स्थूल रुग्णही कुपोषित असू शकतो, म्हणून वजनातील घट विचारणे अत्यावश्यक आहे. कुपोषणामुळे जखमा उशिरा भरतात, जंतुसंसर्ग बळावतो. मात्र चाळणीनंतर प्रत्यक्ष पोषण मिळाले, तरच तिचा उपयोग होतो.