वन्यप्राण्यांच्या खुणांचे वाचन

वन्यप्राणी प्रत्यक्ष न दिसताही त्याच्या पावलांचे ठसे, विष्ठा, ओरखडे, केस, शिकारीचे अवशेष इत्यादींवरून त्याची ओळख पटविण्याच्या कौशल्यास खुणांचे वाचन किंवा माग काढणे असे म्हणतात. बहुतेक सस्तन प्राणी निशाचर व लाजाळू असल्याने वनसंरक्षणात आणि वन्यजीव अभ्यासात या कौशल्याला महत्त्व आहे.

पावलांचे ठसे

वाघ, बिबट्या, रानमांजर या मार्जारकुळातील प्राण्यांच्या ठशात चार बोटे उमटतात. चालताना नखे आत ओढलेली असल्यामुळे ती सहसा उमटत नाहीत. तळव्याच्या गादीच्या मागील कडेला तीन उंचवटे दिसतात. चित्त्याची नखे मात्र पूर्णपणे आत जात नाहीत. कुत्रा, लांडगा, कोल्हा व कोळसून यांच्या ठशात नखे दिसतात आणि ठसा दोन्ही बाजूंनी सारखा असतो. तरसाच्याही ठशात नखे उमटतात; त्याचे पुढचे पाऊल मागच्यापेक्षा मोठे असते. अस्वलाच्या ठशात पाच बोटे व लांब नखे असून मागच्या पावलाचा ठसा माणसाच्या पावलासारखा भासतो.

चितळ, सांबर, भेकर, गवा, नीलगाय यांच्या खुराचे दोन भाग उमटतात. रानडुकराच्या ठशात मऊ जमिनीवर मुख्य खुरांमागे दोन लहान खुरांच्याही खुणा दिसतात. केवळ आकारावरून निष्कर्ष काढणे धोक्याचे असते, कारण वाघाच्या वाढत्या बछड्याचा ठसा प्रौढ बिबट्याच्या ठशाएवढा असू शकतो.

अन्य खुणा

मांसाहारी प्राण्यांच्या विष्ठेत केस व हाडांचे तुकडे आढळतात. हाडे पचविणाऱ्या तरसाची विष्ठा वाळल्यावर पांढरी पडते. अस्वलाच्या विष्ठेत वाळवीचे अवशेष व फळांच्या बिया, तर पाणमांजराच्या विष्ठेत माशांचे खवले सापडतात. नीलगाय वारंवार एकाच ठिकाणी लेंड्या टाकते. रानडुकरे जमीन नांगरल्यासारखी उकरतात. सांबर झाडाच्या बुंध्यावर शिंगे घासते. मधाच्या पोळ्यासाठी झाडावर चढलेल्या अस्वलाच्या नखांचे ओरखडे खोडावर पुढेही बराच काळ टिकतात.

ठशाचा ताजेपणा

ताज्या ठशाच्या कडा स्पष्ट असतात. वारा, दव व ऊन यांमुळे त्या ढासळतात. ठशावर पडलेले पान किंवा त्यावरून गेलेल्या किड्याची रेघ यांवरून प्राणी जाऊन काही काळ लोटल्याचे कळते.

व्याघ्रगणनेतील उपयोग

ओडिशातील वनाधिकारी सरोज राज चौधरी यांनी १९६६ मध्ये ठशांवरून वाघ मोजण्याची पद्धत विकसित केली. १९७२ च्या देशव्यापी गणनेत १,८२७ वाघ नोंदले गेले व १९७३ मध्ये व्याघ्र प्रकल्प सुरू झाला. या पद्धतीत ठसा काचेवर रेखाटत किंवा प्लास्टर ऑफ पॅरिसमध्ये त्याचा साचा घेत. तथापि मातीचा प्रकार, प्राण्याची चाल व रेखाटणाऱ्याचा हात यांनुसार एकाच वाघाचे ठसे वेगवेगळे दिसतात. उल्हास कारंथ यांच्यासारख्या शास्त्रज्ञांनी याकडे लक्ष वेधले होते. राजस्थानातील सरिस्का येथे सरकारी नोंदीत वाघ असूनही प्रत्यक्षात एकही उरला नसल्याचे २००५ मध्ये स्पष्ट झाले. त्यानंतर कॅमेरा सापळे व संख्याशास्त्रीय पद्धतींवर आधारित गणना स्वीकारण्यात आली. २००८ मध्ये जाहीर झालेल्या पहिल्या अंदाजात वाघांची संख्या १,४११ होती. वाघाचा वावर कोठे आहे हे ठरविण्यासाठी खुणांची पाहणी आजही केली जाते.

मानवी वस्तीजवळील महत्त्व

जुन्नरसारख्या ऊसपट्ट्यात कुत्र्याचा किंवा तरसाचा ठसा बिबट्याचा समजला गेल्यास गावात अकारण घबराट पसरते. उलट बिबट्याचा ठसा दुर्लक्षित राहिल्यास माणसे व जनावरे धोक्यात येतात. वन्यप्राण्याने पाळीव जनावर मारल्यास नुकसानभरपाईसाठी वनविभाग पंचनामा करतो. त्यात ठसे व दातांच्या खुणा हा महत्त्वाचा पुरावा असतो. त्यामुळे वनकर्मचारी येईपर्यंत घटनास्थळ न तुडविणे पशुपालकाच्या हिताचे ठरते.